अख्खा अध्याय

“एवढं एकच वचन वाचतो आणि खाली बसतो,” बेकरीवाला म्हणाला.

चर्चच्या पाळकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “काका, नियम तुमचाच आहे,” ते हळूच म्हणाले.

नियम खरंच त्याचा होता. तरुण पंच असताना त्यानेच तो मंडळीच्या गळी उतरवला होता. त्या काळी लोक पवित्र शास्त्रातलं एकेक वचन उचलून एकमेकांवर दगडासारखं फेकत. सासू सुनेवर, भाऊ भावावर. तेव्हा ठरलं, की कुणाविरुद्ध वचन काढायचं असेल, तर त्याने उभं राहून अख्खा अध्याय मोठ्याने वाचायचा. निम्मी भांडणं तिथंच थंडावली. उरलेल्या भांडखोरांचे निदान पाय तरी दुखले.

आज त्याला वचन वाचायचं होतं ते स्वतःच्या पोटच्या पोराविरुद्ध.

बेकरीत मैदा मळायच्या यंत्रावर जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. काम झटपट उरकावं म्हणून पोराने ती काढली आणि कारागिराची दोन बोटं गेली. वर, जाळी कारागिरानेच काढली, असं तोंड वर करून सांगितलं. बापाने जाळी पोराच्या हातात पाहिली होती. त्याने पोराला एकट्याला गाठून विचारलं. पोरगा तिरीमिरीत घर सोडून भाड्याच्या खोलीत राहायला गेला. मग बाप दोन पंचांना घेऊन तिथं गेला, तर पोराने तोंडावर दार लावलं. त्या उंबऱ्याला पुन्हा पाय लावणार नाही, अशी शपथ घेऊनच बाप जिना उतरला होता.

आता उरली मंडळी. शास्त्रात वाटच तशी सांगितली होती. एकट्याने समजाव, साक्षीदार घेऊन समजाव, मंडळीसमोर आण. तरीही ऐकलं नाही, तर त्याला जकातदारासारखा मान. जकातदार म्हणजे ज्याच्याशी कुणी बोलत नाही, ज्याच्या पंक्तीला कुणी बसत नाही असा माणूस, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वचन वाचून झालं, हात वर झाले, की पोराचं नाव कटणार होतं. मंडळीतून आणि घरातूनही.

पहिल्या बाकावर कारागीर बसला होता, बँडेज बांधलेला हात मांडीवर ठेवून. बायकांच्या बाकावर पोराची आई. पोरगा वर गॅलरीत, कठड्याला रेलून, काय करायचं ते करा असा चेहरा करून.

बेकरीवाल्याने पहिल्यापासून सुरुवात केली. प्रभू येशूने लहान मूल मध्ये उभं केलं ते वाचलं. हरवलेल्या एका मेंढरासाठी सगळा कळप डोंगरावर सोडून जाणाऱ्या मेंढपाळाचं वाचलं. हे सगळं त्याला तोंडपाठ होतं, म्हणूनच कित्येक वर्षांत त्याने ते ऐकलं नव्हतं. मग वचन आलं. त्याचा आवाज कडक झाला. ते वाचून त्याने शास्त्र मिटलं.

“अहो,” बायको बसल्या जागेवरून म्हणाली, “अध्याय संपला नाही अजून.”

त्याने पुन्हा पान काढलं. भावाला किती वेळा क्षमा करायची, असं शिष्य विचारतो आणि उत्तर असं मिळतं की मोजायचंच सोडून द्यावं. बेकरीवाला अडखळत वाचत गेला. शेवटच्या ओळीला त्याचे डोळे भरून आले. ते त्याने लपवलेही नाहीत.

“मग काका, तक्रार मागे घेता?” पाळकांनी विचारलं.

तो हो म्हणणारच होता. पण समोर ते बँडेज होतं. दुसऱ्याच्या बोटांवर आपण कसं काय पाणी सोडणार? आणि नाही म्हणावं, तर पोरगा गेला. तो त्या एका शब्दापाशी अडून राहिला. जकातदार. हा शब्द शास्त्रात एवढ्या एकाच ठिकाणी होता थोडाच?

त्याने वर गॅलरीकडे पाहिलं, आणि त्याला रविवारच्या शाळेतलं नाटक आठवलं. गावाने वाळीत टाकलेला बुटका जकातदार प्रभूला बघायला झाडावर चढतो, ती गोष्ट. झाड कुठून आणणार? म्हणून गॅलरीच झाड व्हायची. पोरगा तेव्हा वर्गात सगळ्यांत ठेंगणा, त्यामुळे दर वर्षी झाडावर तोच. प्रभूचं काम बाप करायचा. खाली इथंच उभा राहून वर बघायचा आणि प्रभूचं वाक्य म्हणायचा. कितीदा म्हटलं असेल!

“तक्रार मागे घेत नाही,” बेकरीवाला म्हणाला. “ती खरी आहे. वचन सांगतं तसंच करायचं. त्याला जकातदारच मानायचं.”

बायकांच्या बाकावरून हुंदका आला. पोराने कठड्यावरचे हात काढले आणि तो जायला वळला.

“बुटक्या,” बापाने नाटकातल्यासारखीच हाक मारली. “उतर खाली. आज मला तुझ्या घरी जेवायचंय.”

मग गॅलरीचा लाकडी जिना वाजू लागला, थांबला, पुन्हा वाजला. पोरगा खाली आला. बापापाशी न थांबता तो पहिल्या बाकापाशी गेला आणि कारागिरासमोर खाली बसला.

“दादा,” तो म्हणाला, “जाळी मी काढली होती.”