फुल विमा

"धाकटीच्या नव्या स्कूटरचा फुल विमा उतरवा," सासूबाई एजंटला म्हणाल्या. "मोठीच्या खटाऱ्याला थर्ड पार्टी पुरे."

म्हणजे माझ्या. धाकट्या जाऊबाई किल्लीला लटकवलेला लोकरीचा ससा कुरवाळत बसल्या होत्या. सहा महिने झाले नाहीत घरात येऊन, आणि दारातली सावलीची जागाही यांच्याच स्कूटरला!

"थर्ड पार्टी म्हणजे काय हो?" मी विचारलं.

"तुमच्या स्कूटरने दुसऱ्याचं नुकसान झालं, तर त्याला भरपाई. तुम्हाला काही नाही."

"आणि समजा, माझी स्कूटर हिच्या स्कूटरवर आदळली तर?"

"काळजीच नको, वहिनी! यांची अगदी नव्यासारखी करून मिळेल."

म्हणजे धडक मी मारायची, आणि नवा रंग पुन्हा तिलाच!

त्या दिवसापासून मी माझी स्कूटर तिच्या स्कूटरपासून चार हात लांब, उन्हात लावते.