मायेची मावशी

ओहायोतल्या बायकांच्या सभेचं पत्रक छापून आलं, तसं गोऱ्या हल्डा व्हिटकमनं ते हौसेनं झिल्फापुढं धरलं. झिल्फा गुलामगिरीतून पळून आलेली; आता गुलामगिरी मोडा, बायकांना मत द्या म्हणून गावोगाव बोलत फिरायची. नऊ दिवस ती हल्डाच्या टेबलावर जेवत होती, आणि हल्डानं ते सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं.

झिल्फानं मोठ्यानं वाचलं, "वक्त्या : मिसेस व्हिटकम, मिसेस लोरिंग आणि झिल्फा मावशी."

"मायेनं म्हणतो गं!"

"तुमचं वय काय, बाई?"

"बासष्ट."

"माझं चौतीस. मळ्यावर माझ्या आईलाही मालकीण मावशीच म्हणायची. मिसेस म्हटलं असतं तर जीभ विटाळली असती तिची."

हल्डाचा चेहरा खर्रकन उतरला. तिनं दौत ओढली, 'मावशी' खोडलं, 'मिसेस' लिहिलं आणि तिथंच अडली. "तुझं आडनाव गं?"

"तुमच्या मताधिकाराच्या अर्जावर पहिली सही माझीच आहे, बाई."

तो अर्ज हल्डानंच चार गावांत वाचून दाखवला होता, आणि पहिल्या सहीपाशी आली की दरवेळी हसून म्हणाली होती, "ही आपली झिल्फा मावशी."