पुन्हाबाईचा कोपरा

डोळे मिटा पाहू क्षणभर. समजा, तुम्ही एका नव्याकोऱ्या वर्गात बसला आहात. अगदी शेवटच्या बाकावर, दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात. फरशी इतकी गुळगुळीत, की वाकलं तर आपलंच नाक दिसावं. भिंती तुकतुकीत, छत उंच, डोक्यावर पंखा घरघरतोय. समोर बाई गणित सांगताहेत. त्यांचे ओठ हलताना दिसतात, आवाजही येतो. पण पहिला शब्द भिंतीवरून परत फिरेपर्यंत दुसरा निघालेला असतो, आणि दोघे तुमच्या कानाशी येऊन एकमेकांना धडकतात. काय कराल?

आपल्या गोष्टीतली मुलगी हात वर करायची आणि म्हणायची, "बाई, पुन्हा सांगा ना."

रोजच. ताडमाड उंच, म्हणून तिला मागे बसवलेलं. जुन्या इमारतीत हीच मुलगी पाढे घडाघडा म्हणायची. शाळा नव्या इमारतीत आली आणि तिची गाडी घसरली. मुलांनी तिचं नाव ठेवलं पुन्हाबाई. बाईंनी आधी समजावलं, मग त्या रागावल्या. वडील डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत. झालं! कान चांगले म्हणजे हिचं लक्षच नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. "पालथ्या घड्यावर पाणी," बाई म्हणाल्या. सोमवारपासून तिला खालच्या वर्गात, धाकट्या भावाच्या शेजारी बसवायचं ठरलं. तिलाही आता वाटू लागलं होतं, असू आपण मठ्ठ.

तिच्या बाकावर शेजारी मौनी बसायची. ती कधी काही विचारायची नाही. फळ्यावरचं मुकाट्याने उतरवून घ्यायची. "बघ, शेजारीण कशी गुणी आहे!" बाई म्हणायच्या.

शुक्रवारी वर्गात एक ताई आल्या. इमारत बांधून झाली, की तिच्यात माणसांना नीट बसता-बोलता येतं का, याचा अभ्यास करणं हे त्यांचं काम. त्यांनी पिशवीतून डबीएवढं एक यंत्र काढलं आणि मग काढले चक्क फुगे! वर्गात एकच गलका झाला.

"फुगे खेळायला नाहीत हं, फोडायला आहेत," ताई म्हणाल्या. "पंखे बंद करा. आता हूं नाही की चूं नाही."

सगळ्यांनी श्वास रोखले. ताईंनी टाचणी लावली. फट्ट!

फुगा गेला, पण आवाज गेला नाही. तो छताला धडकला, भिंतींवर आपटला, फरशीवरून पुन्हा उसळला. पाहुणा निघतो निघतो म्हणत दारातच गप्पा मारत उभा राहतो ना, तसा रेंगाळला. ताईंनी यंत्राकडे पाहिलं आणि त्यांची भुवई वर गेली.

"बाई, एक विनंती. तुम्ही जरा त्या कोपऱ्यात बसता? आणि पंखे लावा रे पुन्हा."

बाई मागे आल्या. पुन्हाबाई उठून भिंतीला टेकली. बाईंचे गुडघे काही बाकाखाली मावेनात, तशाच तिरक्या बसल्या. ताई फळ्यापाशी उभ्या राहून नेहमीच्या आवाजात एक गणित सांगू लागल्या. कुणी पाय घासले, कुणी खोकलं, कुणाची पट्टी पडली. बाईंनी मान पुढे केली. मग तिरकी केली. मग कानामागे हात धरला. शेवटी म्हणाल्या,

"पुन्हा सांगता का जरा?"

मग मधल्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "बाई, आता पुन्हाबाई तुम्ही!"

वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या, पण लगेच थांबल्या. उठून त्यांनी पुन्हाबाईच्या डोक्यावर हात ठेवला.

"चुकलं गं माझं. खोलीचा दोष मी तुझ्या माथी मारला. खालच्या वर्गात कुठेही जायचं नाही. उचल दप्तर, आजपासून पहिल्या बाकावर."

"भिंती फार टणक आहेत," ताई म्हणाल्या. "आवाज गिळत नाहीत, चेंडूसारखा परत फेकतात. त्यांना जाड, मऊ अस्तर हवं. मी तसं कळवते, पण काम आता सुट्टीतच होईल."

पुन्हाबाई पहिल्या बाकावर जाऊन बसली. काय सांगू! बाईंचा शब्द न् शब्द कसा सुटा सुटा, टपोऱ्या मण्यांसारखा येत होता. तिने सगळी उत्तरं बरोबर दिली. मग तिने मागे वळून पाहिलं. कोपऱ्यात मौनी खाली मान घालून फळ्यावरचं उतरवत होती.

पुन्हाबाईने हात वर केला.

"बाई, मौनीलाही तिथे नाही ऐकू येत. ती विचारत नाही, एवढंच."

बाई मौनीच्या बाकापाशी गेल्या आणि वाकून विचारलं, खरं का हे? मौनीने मान वर न करताच होकार दिला.

"अगं वेडे, मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

मौनी पेन्सिलशी चाळा करत हळूच म्हणाली, "विचारलं की काय होतं, ते शेजारी बसून बघत होते ना."

बाईंनी पुढच्या बाकांकडे पाहिलं, पण तिथे आता एकही जागा रिकामी नव्हती.

सोमवारी बाई वर्गात आल्या, तर पुन्हाबाईची पहिल्या बाकावरची जागा रिकामी. ती मागच्या कोपऱ्यात बाकावर चढून, घरातलं सगळ्यात जाड पांघरूण खिडकीच्या गजापासून कपाटापर्यंत ताणून बांधत होती. खालून मौनीने टोक धरलं होतं. गाठ पक्की झाली, तशी पुन्हाबाई खाली उतरली, आपल्या जुन्या जागेवर मौनीला चिकटून बसली आणि तिने डोळे मिटून घेतले.

"बाई," ती म्हणाली, "आता बोला काहीतरी. अगदी हळू बोला."