पाच पानं, एक सही

मुलांनो, घटकाभर समजा, तुम्ही बाळकुमची दिशा आहात. उद्या शाळेची सहल आहे. सहलीचा पाच पानी फॉर्म टॅबवरच भरून सहाच्या आत पाठवायचा आहे. प्रिंट काढायची नाही, असं बाईंनी बजावलंय. प्रत्येक पानाखाली पालकांची सही हवी आणि घरात आहेत फक्त राघो आजोबा.

"आजोबा, इथे सही करा."

आजोबांनी चष्मा लावला, जाड मार्कर शोधला आणि थेट काचेवर झोकदार सही ठोकली.

"अहो, बोटाने करायची होती."

"बोट टेकवायला मी काय अंगठेबहाद्दर आहे? सातवी पास आहे गो मी."

दिशाने घाबरून पान सरकवलं. फॉर्म वर गेला, सही जागच्या जागी राहिली आणि दुसऱ्या पानाच्या रेघेवर बरोबर बसली.

"बघ, एकाच सहीत पाचही पानं उरकली," आजोबा म्हणाले.

सहाला दहा मिनिटं होती. दिशाने आजोबांचा फोन घेतला, एकेक पान सहीखाली आणून पाच फोटो काढले आणि बाईंना पाठवले. काच मात्र तिने पुसली नाही. धाकट्या भावाचा, हर्षितचा फॉर्म अजून भरायचा होता.