हातभर अंतर

मशीन पुन्हा किंचाळलं. सिस्टरनं काचेच्या पेटीत हात घालून बाळाच्या तळपायावर टिचकी मारली. बाळ दचकलं आणि एकदम आठवल्यासारखा त्यानं श्वास घेतला. मशीन गप्प झालं.

"श्वास घ्यायलाच विसरतोय हो," सिस्टर म्हणाली. "फार आधी आलाय ना. घाई नडली गड्याला."

पेटीपासून हातभर अंतरावर बाळाची आजी उभी होती. आईची आई. सकाळपासून तशीच, दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून. पलीकडच्या खोलीत तिची मुलगी ऑपरेशननंतर अजून शुद्धीवर आली नव्हती. जावई तापानं फणफणलेला, वर शिंका. त्याला दाराच्या आत पाऊल टाकायची बंदी होती. म्हणजे बाळाजवळ म्हणावं असं माणूस उरलं होतं ते ही एकच.

डॉक्टर आली. वयानं तरुण, पण चेहऱ्यावर दोन दिवसांचं जागरण.

"आजी, बाळाला आता तुमच्या छातीशी ठेवायचं. अंगाला अंग लागलं पाहिजे. नाकातली नळी तशीच राहील, मशीनही राहील. त्याची आई शुद्धीवर येईपर्यंत तुम्ही."

"मी? छे! पेटीतच राहू दे त्याला."

"आम्हीही पूर्वी हेच म्हणायचो. आधी पेटीत सावरू दे, मग आईकडे देऊ. पण आता मोठे अभ्यास झालेत त्यावर. जन्मल्या जन्मल्या छातीशी धरलेली अशी बाळं जास्त वाचतात."

"मग पेटी काय शोभेला आणलीय?"

सिस्टरला हसू आलं. डॉक्टरला नाही आलं.

दाराच्या फटीतून जावई कळवळून म्हणाला, "आई, घ्या ना त्याला! पाया पडतो तुमच्या."

"तुम्ही आधी नाक पुसा," ती फटकन बोलली.

जावयानं रुमालानं नाक पुसलं. त्याला बायकोचे शब्द आठवले. आमच्या आईच्या मायेला हातभर अंतर लागतं, असं ती नेहमी हसत हसत सांगायची. लहानपणी ती पडली तर आई मलम लावायची, फुंकर घालायची, पण कुशीत घ्यायची नाही. लग्न होऊन निघाली तेव्हाही आईनं डबा दिला, ढीगभर सूचना दिल्या आणि गाडीचं दार नीट लावून घेतलं. बस्स. हे सांगताना बायको हसायची खरी, पण ते हसू तिच्या डोळ्यांपर्यंत कधी पोचलं नाही.

मशीन किंचाळलं. सिस्टरनं टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली. बाळाचे ओठ निळे पडत चालले. डॉक्टरनं झडप घालून त्याच्या तोंडावर इवलासा मास्क धरला आणि फुगा दाबायला लागली. खोलीत कुणी हलेना. मग ती बोटभर छाती आपली आपण वर आली.

"दर वेळी तो परत येईलच, असं मी नाही सांगू शकत," डॉक्टर म्हणाली.

"दगड आहात का हो तुम्ही?" दाराबाहेरून जावई ओरडला. इतक्या वर्षांत त्यानं सासूसमोर आवाज चढवला नव्हता. तिनं वळूनही पाहिलं नाही. पाठीमागे बांधलेल्या तिच्या हातांची बोटं मात्र एकमेकांत रुतली होती, ती त्याला दिसली.

"माझ्या अंगावर असताना काही झालं तर?" तिनं विचारलं.

"तर ते माझ्यावर. तुमच्यावर नाही."

"परत बोला."

"तुमच्यावर नाही, आजी."

ती खुर्चीत बसली. सिस्टरनं तिला पुढून उघडणारा गाऊन घातला आणि नळ्यांसकट बाळ उचलून तिच्या छातीवर ठेवलं. एवढंसं डोकं तिच्या गळ्याखाली टेकलं. ती लाकडासारखी ताठ झाली.

"आजी, आता तुम्ही तरी श्वास घ्या!" सिस्टर म्हणाली.

तिनं श्वास सोडला. तिची छाती खाली गेली, तसं बाळही खाली गेलं. वर आली, तसं वर आलं. सगळ्यांचे डोळे मशीनवर. आत्ता ओरडेल, मग ओरडेल. मशीन ओरडेना. बाळाचे ओठ हळूहळू गुलाबी झाले. सिस्टर तिथंच हात तयार ठेवून उभी होती, तिनंही शेवटी हात खाली घेतला.

"माझी पहिली अशीच होती," आजी समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली. "आत झोपलीय ना, तिच्या आधीची. पेटीत रडत होती. मला बघवेना. मी काढली आणि अशीच उराशी धरली. माझ्या अंगावरच गेली ती. सगळे म्हणाले, तू हात लावलास म्हणून गेली."

दाराबाहेर जावयानं मान खाली घातली.

डॉक्टर तिच्यापुढे उकिडवी बसली. "ती का गेली, ते मला आज सांगता येणार नाही. पण उराशी धरल्यानं बाळ जात नाही, आजी. कधीच नाही."

बाळाच्या पाठीवर आजीनं आधी एक बोट ठेवलं. मग अख्खा तळवा ठेवला.

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतली सिस्टर धावत आली. "पेशंट शुद्धीवर आली! आणि डोळे उघडल्या उघडल्या काय म्हणाली सांगू? म्हणे, आईला सांगा, बाळाला तरी जवळ घे."

आजीनं डोळे पुसायला हात काढला नाही. तो बाळाच्या पाठीवरच राहिला.

"घेतलंय म्हणावं," ती म्हणाली. "आता कुशीत यायचा तिचा नंबर."