राहिलेला पंचम

सहा महिन्यांत हारिसला यमन आला, मांडी काही आली नाही.

आत्ताही उजवा पाय बधिर झालाच होता. लातूरच्या त्या नावाजलेल्या संगीत विद्यालयाचा थंडगार हॉल, बंद काचा, समोर दोन परीक्षक. इथं राहायचं की मुखेडला अब्बांच्या बँडमध्ये परत जायचं, ते आज दहा मिनिटांत ठरणार होतं.

हारिस क्लॅरिनेट शिकला तो वरातीत, चालता चालता. त्याचा ताल पायात, श्वासही पायातच. बसलं की दोन्ही कोंडायचे. पहिल्याच दिवशी तो वाजवता वाजवता उठून चालू लागला, तेव्हा आज समोर बसलेल्या रेणुकादास सरांनी विचारलं होतं, बाळा, नवरदेव नाही, घोडं नाही, निघालास कुठं? वर्ग पोट धरून हसला. हारिसही हसला, पण त्याच्या पायाचा अंगठा सतरंजीवर ठेका धरूनच होता.

आज मात्र सूर लागला. पुण्याहून आलेल्या सरोजिनीबाईंनी पेन खाली ठेवलं. सरांची मान हलली, जी सहसा हलत नसे. हारिस सावकाश चढत तीव्र मध्यमापर्यंत आला. आता फक्त पंचम.

आणि तो थांबला.

क्लॅरिनेट ओठांवरून काढून त्यानं काखेत धरलं आणि बधिर पाय सावरत उभा राहिला. मशीनचा तानपुरा एकटाच वाजत राहिला.

"विसरलास?" सरांनी विचारलं.

"न्हाई सर. मयत येऊन राहिली."

सरांनी काचेतून पाहिलं. रस्ता रिकामा. बाईंनी कान दिला, तर एसीची घरघर तेवढी. सर दबक्या आवाजात म्हणाले, वाजव, वेळ चाललीय. आपण जाऊ नये असं त्यांनाही वाटतंय, हे हारिसला त्या आवाजावरून पहिल्यांदा कळलं. म्हणून तर उभं राहणं जास्तच जड गेलं. पण मयतीपुढं बाजा बंद. ती ओलांडून गेल्याशिवाय फुंकायचं नाही. नवरदेव रुसो, मुहूर्त टळो. अब्बांनी सा शिकवायच्या आधी हे शिकवलं होतं.

मग हारिसला आधीच लागलेली हलगी त्यांनाही ऐकू आली. एक ठोका, लांब थांबा, पुन्हा एक ठोका. खिडकीखालून तिरडी गेली. बाईंनी नकळत डोक्यावर पदर घेतला.

दहा मिनिटांची घंटा वाजली. दारात पुढच्या पाळीचा यज्ञेश सतार घेऊन उभाच होता.

"संपली वेळ," सर म्हणाले. त्यांचं पेन कागदावर टेकलं होतं, पण लिहीत काही नव्हतं.

हारिसनं वाकून नमस्कार केला आणि बाहेरच्या जिन्यावर आला. हलगी कोपऱ्यावर वळली, बारीक झाली, विरली. तरी तो आणखी थोडा थांबला. मग उतरायला लागला. तिसऱ्या पायरीवर क्लॅरिनेट आपसूक ओठांशी गेलं आणि वर राहिलेला पंचम त्यानं लावला. लांब, निवांत, एकेका पायरीनं.

वर हॉलची खिडकी करकरली. एसी बसवल्यापासून ती कुणी उघडली नव्हती. त्यानं मान वर केली नाही. पाय चालू होते.