मनोऱ्यातला ताप

उजवी बाजू सकाळपासून दगड झाली होती. केसोरने छातीकडे हात नेला, तोच दाराशी बसलेल्या रिथीने भाल्याचा दांडा पायरीवर आपटला.

"हात खाली! मनोऱ्यात बसलेल्यानं अंग चोळायचं नाही, दाबायचं नाही. तेल नाही, औषध नाही. जे यायचं ते आपोआप येऊ दे."

"दूध आहे रे ते. नुसतं पिळून टाकते."

"टाकून बघ. चौकभर ओरडून सांगेन."

रिथी तिलकाबाईंचा पुतण्या. फिर्यादीच्या माणसाने आरोपीवर नजर ठेवायची, आरोपीच्या माणसाने फिर्यादीवर, ही इथली रीत. राजवाड्यासमोरच्या ओळीत एकेका मनोऱ्यात एकेकाला बसवायचं. जो खोटा, त्याला देव आजारी पाडतो. जो खरा, त्याला साधं पडसंही होत नाही. तिलकाबाईंचा सोन्याचा कंबरपट्टा केसोरने चोरला की नाही, ते आता देव सांगणार होता. चोर ठरली, की ती तिलकाबाईंची दासी. जन्मभर.

शेजारच्या मनोऱ्याच्या पायरीवर केसोरची सासू बसली होती, तिलकाबाईंवर पहारा करत. मांडीवर नातू. तो रडला की इकडे केसोरला पान्हा फुटे, पोटावरून ओघळ जात. गाठी मात्र तशाच.

"आई, त्याला एकदा खिडकीशी आणा ना. एकदाच."

रिथी पानाला चुना लावत होता. म्हातारी उठली आणि मनोऱ्याच्या मागल्या अंगाने धावली. केसोर आतून खिडकीला जाऊन भिडली. खिडकीचे दगडी गज लाकूड कातावं तसे गोल, गुळगुळीत आणि दाट. मधून बाळाची मूठ आत आली, तोंड आलं नाही. दूध गजावरून खाली ओघळलं. बाळाने गजालाच तोंड लावलं आणि चोखू लागलं.

"ए म्हातारे!" रिथीने येऊन तिला दंडाला धरून ओढलं.

शेजारच्या मनोऱ्यातून हसण्याचा आवाज आला. तिलकाबाई भिंतीला टेकून पान चघळत होत्या.

"पहिलटकरीण ना गं तू, केसोर? मला सहा झाली. आधी गाठ येते, मग थंडी वाजते, मग ताप. उन्हं उतरेपर्यंत येईल बघ."

 केसोरचे दात वाजत होते.

"पंच म्हणत होते, उकळत्या तेलात हात घालून खरं-खोटं करू. मीच नको म्हटलं, मनोरा मागितला. भाजलेल्या हातानं माझ्या नातवाला घेणार कशी तू?" बाईंनी पानाचा चोथा बाहेर थुंकला. "आई गेली गं त्याची बाळंतपणात. त्याला पाजायला ये म्हणून तुला पालखी पाठवली होती मी. तर म्हणालीस, माझ्याच बाळाला पुरत नाही. आता बघ, केवढं आहे."

"ऐकलंस?" म्हातारी रिथीला म्हणाली. "स्वतःच्या तोंडानं कबूल करतेय. सांग निवाडा करणाऱ्या पंडितांना!"

"मी कुठं काय ऐकलं?" रिथी म्हणाला.

समोर नव्या देवळाच्या कळसावर देवाचा घराएवढा दगडी मुखवटा घडत होता. त्याच्या खालच्या ओठावर बसून एक माणूस दगड घासत होता. तो केसोरचा नवरा, केव. ओठ पूर्ण होईपर्यंत त्याला खाली उतरायची परवानगी नव्हती. मधूनमधून तो हात थांबवून इकडे बघे, मग मुकादमाची हाक आली की पुन्हा घासू लागे.

उन्हं उतरली तशी सोनेरी दांड्याची छत्री आली. छत्रीखाली पंडित. मागे बाजारातल्या बाया, टोपल्या डोक्यावर तशाच घेऊन.

पंडिताने तिलकाबाईंच्या कपाळाला हात लावला. "थंड."

केसोरच्या कपाळाला लावला आणि लगेच मागे घेतला.

"महाराज, हा दुधाचा ताप आहे," केसोर म्हणाली. "यातल्या कुणाही बाईला विचारा. कुणाही!"

पंडित खरोखरच वळला. "असा ताप असतो का गं?"

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मग तिलकाबाईंकडे. कडेवर पोर घेतलेली एक मासेवाली पुढे होती, तिच्यावर पंडिताची नजर थांबली.

"आम्हाला नाही बाई ठाऊक," ती म्हणाली आणि पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"आणि असला, तरी काय?" पंडित म्हणाला. "प्रत्येक तापाला काहीतरी कारण असतंच. पाठवणारा देवच."

केसोरला धरून बाहेर पायरीवर बसवलं. तिलकाबाईंची दासी रेशमात गुंडाळलेलं मूल घेऊन उभीच होती. केसोरने हात पुढे केले नाहीत. बाईंनी स्वतः मूल तिच्या मांडीवर ठेवलं आणि त्याचं तोंड छातीला लावून दिलं.

"बघ, कसा भुकेला आहे."

आधी सुया टोचल्यासारखं झालं. मग आत कुठेतरी गाठ सुटली. मुलाला ढकलण्यासाठी केसोरचा हात उठला. त्याच्या डोक्याशी पोचला आणि तिथेच, डोकं सावरून धरत, राहिला. तिला दरदरून घाम फुटला. तिने डोळे मिटले.

पंडिताने पुन्हा तिच्या कपाळाला हात लावला आणि तो ओला तळवा सगळ्यांना दाखवला.

"पाहिलंत? भरपाई सुरू झाली, की ताप उतरतो."

बायांनी हात जोडले.

मागे केसोरच्या बाळाचं रडणं थांबलं होतं. म्हातारीने त्याला पुन्हा त्या खिडकीशी नेलं होतं आणि ते गजावर वाळलेलं दूध चोखत होतं.